सौर बॅटरी घ्यायची आहे? आधी रात्रीचा हिशोब मांडा

‘छपरावर पॅनेल आहेत, तरी लाईट गेली की घरात काळोख कसा?’ पावसाळा लागला की असे फोन सुरू होतात. साधी ऑन-ग्रिड (म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेली) यंत्रणा महावितरणचा पुरवठा गेला की आपोआप बंद पडते. लाईनवर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरून शॉक बसू नये, म्हणून ती तशीच केलेली असते. लाईट गेल्यावरही वीज हवी, तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि लाईन तिन्ही सांभाळणारा) दोन्ही लागतात.

बॅटरी किती मोठी घ्यायची हे खोल्या मोजून ठरत नाही. रात्री काय चालतं ते कागदावर लिहा. उदाहरणार्थ, 75 वॅटचे 2 पंखे 8 तास चालले तर 1.2 युनिट. फ्रिज साधारण अर्धा, दिवे-टीव्ही-वायफाय मिळून अर्धा. झाले 2.2 युनिट.

12 व्होल्ट, 150 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास; व्होल्टने गुणून हजाराने भागलं की युनिट) ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायची शिसे-आम्लाची बॅटरी कागदावर 1.8 युनिटची. पण ती रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून हातात 0.9 युनिटच धरा. त्यातून इन्व्हर्टरही थोडं खातो. म्हणजे या घराला अशा किमान 3 लागतील. लिथियमचा (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) 51.2 व्होल्ट, 100 एएचचा एकच पॅक 5.12 युनिटचा, त्यातले 4 निर्धास्त वापरा. सुरुवातीला खिशाला जड, पण पाणी घालायची कटकट नाही.

आम्ही बॅटरीच विकतो, तरी सांगतो: आधी पंखे बदला. 28 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावले की हीच गरज दीड युनिटच्या आत येते आणि 25.6 व्होल्ट, 100 एएचचा निम्मा पॅक पुरतो. गीझर आणि विहिरीचा पंप मात्र बॅटरीवर टाकू नका.

ट्यूब्युलर घेताना एएचच्या आकड्यापुढे सी-10 आहे की सी-20 ते बघा, म्हणजे बॅटरी 10 तासांत रिकामी करून मोजली की 20 तासांत. सी-20 चा आकडा नेहमी फुगलेला दिसतो.

बसवताना जागा सावलीची, हवेशीर हवी. ट्यूब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते. देवघराशेजारी, समईजवळ ती नकोच. जुन्या बॅटरीला नवी जोडू नका, जुनी नवीलाही खाली ओढते. बॅटरी ते इन्व्हर्टर केबल जाड आणि आखूड ठेवा, मध्ये डीसी फ्यूज हवाच. टर्मिनलवर हिरवी पूड दिसली तर पुसून व्हॅसलीन लावा. खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं. पाणी डिस्टिल्डच घाला, नळाचं नाही.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाईकाकडे आम्हीच चूक केली. ट्यूब्युलर काढून लिथियम बसवली, पण इन्व्हर्टरचं सेटिंग जुनंच राहिलं. चार्जिंगचा दाब (व्होल्टेज) वाढला की पॅक स्वतःचं कनेक्शन तोडून घ्यायचा. दोन फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे लक्षात आलं. आता बॅटरीचा प्रकार निवडलेला आहे आणि इक्वलायझेशन (ट्यूब्युलरला मधूनमधून द्यायचं जास्त दाबाचं चार्जिंग) बंद आहे, हे तुम्हाला स्क्रीनवर दाखवूनच आमचा माणूस निघतो. दाखवलं नाही, तर त्याला जाऊ देऊ नका.

दुकानात येताना वीजबिल आणि इन्व्हर्टरच्या पाटीचा फोटो आणा.