संगणकीय प्रतिपिंडरचना

रोगजंतूच्या किंवा विषाच्या नेमक्या भागाला जाऊन चिकटेल असे प्रथिन आधी संगणकावर आखायचे आणि मग प्रयोगशाळेत घडवायचे, ही पद्धत. लशींतील प्रतिजनेही, म्हणजे शरीराला जंतूची ओळख पटवणारे भाग, अशी शोधतात किंवा सुधारतात. मेंदूज्वर आणणाऱ्या 'ब' गटाच्या मेनिंगोकोकस जंतूचा जनुकसंच २००० साली प्रसिद्ध झाला. लससंशोधक रिनो रापुओली यांच्या गटाने त्यातून लशीला योग्य प्रथिने संगणकाने हेरली, त्यांतली सुमारे ३५० जिवाणूंत बनवून पाहिली. त्यातून निघालेल्या लशीला युरोपात परवानगी मिळाली ती २०१३ मध्ये. शोध झटपट, पारख सावकाश, हे तेव्हापासून आजतागायत खरे आहे.

नाशिक जिल्ह्याच्या पेठ-सुरगाणा भागात या विषयाची गाठ पडते ती भातलावणीच्या दिवसांत. साप चावला असे न म्हणता खेड्यात 'पान लागलं' म्हणतात. अशा माणसाचे दोन मिलिलिटर रक्त डॉक्टर कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि २० मिनिटे नळीला हात लावत नाहीत. मग ती तिरपी करायची. रक्त ओघळले, तर ते गोठत नाही, संशय घोणशीवर. लगेच एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या प्रतिविषाच्या, आठ-दहा कुप्या शिरेतून सुरू होतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारे हे प्रतिविष घोड्यांना विष थोडेथोडे टोचून त्यांच्या रक्तातून काढतात. युक्ती १८९०च्या दशकातली. घोड्याचे प्रथिन काहींना सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो, म्हणून ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवावे लागते.

नागविषात त्रिअंगुली नावाची विषे असतात. ती इतकी लहान, की घोड्याचे शरीर त्यांची फारशी दखलच घेत नाही. माणसाच्या श्वासाचे स्नायू मात्र तीच लुळे पाडतात, आणि रुग्णाला घाटरस्त्याने नाशिकला, व्हेंटिलेटरपर्यंत न्यायची धावपळ होते. या विषांवर प्रथिनरचनेचे संशोधक डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेने व सहकाऱ्यांनी घडवलेली प्रथिने जानेवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली. (बेकर यांना आदल्याच वर्षी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते.) एका संगणक प्रणालीने विषाला चिकटेल असा सांगाडा काढला, दुसरीने त्यावर अमिनो आम्ले बसवली, तिसरीने घडी तशीच पडेल का ते ताडून पाहिले. काटेकोर बोलायचे तर ही प्रतिपिंडे, म्हणजे शरीर स्वतः बचावासाठी बनवते ती प्रथिने, नव्हेत, त्यांचे काम करणारी लहान प्रथिने आहेत. ती उष्णतेत टिकतात, जिवाणूंकडून बनवून घेता येतात. घोडा लागत नाही. विष दिलेले बहुतेक उंदीर त्यांनी वाचले.

उंदीरच. शिवाय घोणशीच्या विषाची जात वेगळी. त्यातली विकरे (एन्झाइम) रक्ताच्या गोठण्याचीच वाट लावतात आणि त्रिअंगुली विषांवरची प्रथिने तिथे उपयोगाची नाहीत. ज्याचे रक्त नळीत ओघळले, त्याची कुपी अजून घोड्याच्याच रक्तातून येते.