बालभारती ते पौड फाटा: टेकडीवरून आखलेल्या रस्त्याची पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागातील वाहतूक कोंडीवर उपाय म्हणून गेली अनेक वर्षे ज्या एका रस्त्याचे नाव पुन्हा पुन्हा पुढे येते, तो म्हणजे बालभारती ते पौड फाटा हा प्रस्तावित रस्ता. सेनापती बापट रस्त्यावरील बालभारतीच्या इमारतीजवळून निघून विधी महाविद्यालयामागच्या टेकडीच्या उतारावरून पौड फाट्याला उतरणारा हा रस्ता सुमारे दोन किलोमीटर लांबीचा आणि ३० मीटर रुंदीचा असावा, अशी त्याची आखणी आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरचा भार हलका करणे हा त्याचा घोषित हेतू आहे. कोथरूडकडून विद्यापीठ, औंध, बाणेर किंवा शिवाजीनगरकडे जाणाऱ्या वाहनाला नळ स्टॉपला वळून लॉ कॉलेज रस्त्यानेच सेनापती बापट रस्ता गाठावा लागतो आणि सकाळ-संध्याकाळ या रस्त्यावर जी रांग लागते, ती ज्याने अनुभवली आहे त्याला नव्या रस्त्याची मागणी समजावून सांगावी लागत नाही. या मागणीमागची अडचण खरी आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. तरीही हा रस्ता इतकी वर्षे कागदावरच का राहिला, हे कळण्यासाठी त्याची रेषा कधी आणि कोणत्या परिस्थितीत आखली गेली, तिथपर्यंत मागे जावे लागते.

कोथरूड आणि विद्यापीठ परिसर यांच्यामध्ये वेताळ टेकडीचा पसारा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा तिचा माथा हा शहराच्या जुन्या हद्दीतील सर्वांत उंच भाग मानला जातो. चतुःशृंगी, हनुमान टेकडी, पंचवटी, गोखलेनगर आणि विधी महाविद्यालयामागची टेकडी ही सारी याच डोंगररांगेची अंगे आहेत. या रांगेमुळे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या वाहनाला पूर्वेकडून टेकडीच्या पायथ्याने जाणे किंवा पश्चिमेकडे चांदणी चौकातून बाह्यवळण मार्गाने वळसा घालणे, असे दोनच मार्ग उरतात. त्यांतला पायथ्याचा मार्ग म्हणजे लॉ कॉलेज रस्ता. या रस्त्याच्या कडेला संस्था आधी आल्या आणि गर्दी बरीच नंतर आली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्ये, इंडियन लॉ सोसायटीचे विधी महाविद्यालय १९२४ मध्ये आणि प्रभात स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट १९६० मध्ये स्थापन झाले. गावाबाहेरची शांत, प्रशस्त जागा म्हणून निवडलेला हा परिसर पुढे दोन मोठ्या उपनगरांना जोडणारा मुख्य दुवा होईल, अशी कल्पना त्या वेळी कोणी केली असण्याचा संभव नाही.

शहर या दिशेला सरकले, त्यामागे १२ जुलै १९६१ या दिवसाचा मोठा वाटा आहे. पानशेत आणि खडकवासला धरणे फुटून मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हजारो कुटुंबे बेघर झाली आणि त्यांच्या पुनर्वसनासाठी नदीपासून दूर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. वेताळ टेकडीच्या पायथ्याचे गोखलेनगर ही त्यांतलीच एक. त्यानंतरच्या दशकांत पेठांमधील वाडे सोडून मध्यमवर्ग कर्वे रस्त्याच्या आणि पौड रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राहायला गेला, कोथरूडची शेते सोसायट्यांनी भरली आणि हे एकेकाळचे गाव शहराच्या मोठ्या उपनगरांपैकी एक झाले. या वाढीच्या काळात कोथरूडच्या माणसाची रोजची ये-जा मुख्यतः पूर्वेकडे, म्हणजे डेक्कन, पेठा आणि स्टेशन या दिशेने होती. उत्तरेकडे जाणाऱ्यांची संख्या खऱ्या अर्थाने वाढली ती सेनापती बापट रस्त्यावर कार्यालये उभी राहिल्यावर आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्र आकाराला येऊ लागल्यावर. टेकडीवरच्या रस्त्याची रेषा मात्र या बदलाच्या आधीची आहे.

ही रेषा १९८७ च्या विकास आराखड्यातली आहे. १९५० मध्ये महापालिका स्थापन झाल्यानंतर शहराचा पहिला विकास आराखडा १९६६ मध्ये अमलात आला. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार आराखड्याची किमान वीस वर्षांतून एकदा फेरतपासणी व्हावी लागते. त्यानुसार आलेल्या १९८७ च्या आराखड्यात पुण्याच्या वाहतुकीविषयी दोन मोठ्या कल्पना होत्या. शहराच्या मध्यभागाभोवती सुमारे ३६ किलोमीटरचे वर्तुळ करणारा उच्च क्षमता द्रुतगती मार्ग, ज्याला पुढे सर्वजण एचसीएमटीआर (हाय कपॅसिटी मास ट्रान्झिट रूट) म्हणू लागले, ही पहिली. आणि बालभारती ते पौड फाटा या रस्त्यासारखे तुटक जोडरस्ते ही दुसरी. एचसीएमटीआरही सेनापती बापट रस्त्याकडून टेकडी ओलांडून पौड फाट्याकडेच येणार होता. म्हणजे एकाच टेकडीच्या एकाच उतारावर आराखड्याने दोन वेगळ्या हेतूंचे मार्ग टाकले होते. एचसीएमटीआर सार्वजनिक वाहतुकीसाठी होता आणि बालभारतीचा रस्ता सर्व वाहनांसाठी. हा फरक पुढच्या चर्चेत जवळजवळ विसरला गेला, आणि या प्रकरणातली सर्वांत मोठी हानी तीच आहे, असे मला वाटते.

विकास आराखड्यात रस्ता दाखवला म्हणजे तो बांधला जातोच, असे नाही. आराखड्यातील रेषा जमिनीवर बंधन टाकते आणि त्या पट्ट्यात मालकाला बांधकाम करता येत नाही. पण महापालिकेने दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊन आरक्षण संपवण्याचा मार्ग अवलंबू शकतो. पुण्यातील पेठांमध्ये रस्तारुंदीच्या किती रेषा अशा रीतीने केवळ नकाशावर राहिल्या, हे जुन्या रहिवाशांना ठाऊक आहे. वाडे पाडणे, भाडेकरूंचे पुनर्वसन करणे आणि मोबदला देणे एवढे खर्चाचे आणि वादाचे असते की कोणतीही महापालिका त्यापासून दूर राहते. त्यामुळे रस्त्यांसाठी नजर जाते ती जिथे घरे नाहीत अशा जमिनीवर. पुण्यात अशी जमीन तीनच ठिकाणी उरली: नदीचे पात्र, कालव्याचा काठ आणि टेकड्यांचे उतार. गेल्या चार दशकांतील पुण्याचे पर्यायी रस्ते नकाशावर पाहिले, तर ते बहुतांशी याच तीन ठिकाणांवरून गेलेले किंवा जाऊ पाहणारे दिसतात.

मुठेच्या पात्रातला रस्ता आणि भिडे पूल हे त्याचे परिचित उदाहरण आहे. डेक्कन आणि पेठा यांच्यातील वाहतुकीला त्यांचा उपयोग होतो, पण पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की दोन्ही पाण्याखाली जातात आणि ज्या दिवसांत शहराची वाहतूक आधीच विस्कळीत असते, नेमक्या त्याच दिवसांत हा पर्याय नाहीसा होतो. याहून बोलके उदाहरण सिंहगड रस्त्याचे आहे. त्या रस्त्यावरची कोंडी कमी करण्यासाठी विठ्ठलवाडीपासून बाह्यवळण महामार्गापर्यंत मुठेच्या काठाने समांतर रस्ता करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले, तेव्हा त्याचा काही भाग निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीलगतच्या बांधकामबंदीच्या हद्दीच्या, आत येत असल्याचे नागरिकांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोर मांडले. जुलै २०१३ मध्ये न्यायाधिकरणाने पूररेषेच्या आतला भराव काढण्याचा आणि आखणी बदलण्याचा आदेश दिला. जुलै २०२४ मध्ये याच सिंहगड रस्त्याच्या परिसरातील एकतानगरीत नदीचे पाणी घरांत शिरले. नदीला पसरायला जागा लागते, ही गोष्ट १९६१ नंतर पुण्याला वेगळी सांगावी लागू नये.

टेकडीचा प्रश्न नदीइतका उघड दिसत नाही, कारण टेकडी अशी एका रात्रीत घरात शिरत नाही. वेताळ टेकडीवर एकेकाळी दगडाच्या खाणी चालल्या आणि त्यांच्या खुणा आजही दिसतात. नंतर वृक्षारोपण झाले, माथ्यावरची झुडपे आणि गवताळ पट्टे टिकले आणि पहाटे टेकडीवर जाणे हा लॉ कॉलेज रस्ता, गोखलेनगर, पाषाण आणि कोथरूड अशा चारही बाजूंच्या लोकांचा दिनक्रम झाला. भूजलाच्या अभ्यासकांनी या टेकडीचे आणखी एक महत्त्व दाखवून दिले आहे. बेसाल्ट खडकाच्या भेगांतून मुरणारे पावसाचे पाणी पायथ्याच्या वस्त्यांतील विहिरी आणि बोअरवेल यांना पुरवठा करते, तर उतार खोदून डांबर आणि काँक्रीट टाकले की तेच पाणी वेगाने खालच्या ओढ्यांत जाते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने शहरातल्या ओढ्यांना किती थोडी जागा उरली आहे, ते दाखवले. तो ओढा कात्रजच्या बाजूचा आहे, वेताळ टेकडीचा नव्हे. पण उतारावर बांधकाम आणि पायथ्याला अरुंद झालेला ओढा ही जोडी शहरात सगळीकडे सारखीच आहे. टेकड्यांविषयीची ही जाणीव १९८७ मध्ये फारशी नव्हती. महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेल्या गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण असावे की नाही, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला आणि ते आरक्षण २०१५ मध्ये राज्य सरकारने कायम ठेवले. बालभारतीच्या रस्त्याची रेषा मात्र त्याआधीच्या विचारांतली आहे, आणि तरीही ती प्रत्येक नव्या नकाशावर जशीच्या तशी उतरत राहिली.

या शतकाच्या पहिल्या दशकात महापालिकेने काम पुढे नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा नागरिकांच्या संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि काम थांबले. रस्त्याची गरज वाहतुकीच्या अभ्यासाने सिद्ध झाली आहे का आणि टेकडीवरच्या परिणामांचे मूल्यमापन झाले आहे का, या दोन प्रश्नांभोवती तेव्हापासून सारा वाद फिरत आहे. दरम्यान एचसीएमटीआरचे स्वरूप पालटले. सार्वजनिक वाहतुकीसाठी आखलेला हा मार्ग सहा मार्गिकांचा उन्नत रस्ता म्हणून पुढे आला आणि त्यातल्या दोनच मार्गिका बससाठी राहिल्या, उरलेल्या चार खासगी वाहनांना देण्यात आल्या. आलेल्या निविदा अंदाजापेक्षा बऱ्याच चढ्या निघाल्याने ती प्रक्रिया रद्द करावी लागली. यामुळे बालभारतीच्या छोट्या रस्त्यावरची अपेक्षा आणखी वाढली.

मार्च २०२२ हा महिना या कथेत दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. वनाज ते गरवारे महाविद्यालय ही पुण्याची पहिली मेट्रो त्या महिन्यात सुरू झाली आणि नळ स्टॉपचा दुमजली उड्डाणपूलही वाहतुकीला खुला झाला. त्याच महिन्यात महापालिकेची मुदत संपून प्रशासकीय राजवट सुरू झाली. त्यामुळे पुढच्या वर्षी बालभारती रस्त्याच्या निविदेची आणि पंचवटी ते सुतारदरा यांसारख्या बोगद्यांची चर्चा जोरात सुरू झाली, तेव्हा या प्रश्नावर मतदारांना उत्तर देणारे नगरसेवक सभागृहात नव्हते. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्यात टेकडीच्या दोन्ही बाजूंचे लोक होते, म्हणजे ज्यांची रोजची कोंडी या रस्त्याने कमी होणार असे सांगितले जाते, ते कोथरूडकरही होते. रस्त्याचा काही भाग खांबांवर उन्नत करून प्राण्यांना खालून जाऊ देण्याची सुधारणा सुचवली गेली, ती या विरोधाच्या पार्श्वभूमीवर.

नळ स्टॉपच्या पुलाचा अनुभव या चर्चेत गांभीर्याने घ्यायला हवा. पूल झाल्यावर सरळ जाणाऱ्या वाहनांना चौकातला थांबा टळला, पण पूल जिथे कर्वे रस्त्याला मिळतो तिथे गर्दी साचू लागल्याच्या तक्रारी लवकरच आल्या. बालभारती रस्त्याची दोन्ही तोंडे अशाच ठिकाणी आहेत. दक्षिणेला पौड फाटा, जिथे कर्वे रस्ता आणि पौड रस्ता एकत्र येतात आणि ज्यावर मेट्रोचे खांब आधीच उभे आहेत. उत्तरेला सेनापती बापट रस्ता, जो पुढे विद्यापीठ चौकाच्या परिसरात जाऊन अडतो. त्या चौकातला जुना उड्डाणपूल हिंजवडी मेट्रोसाठी २०२० मध्ये पाडावा लागला होता. मधले दोन किलोमीटर वेगाने पार करून ही वाहने पुन्हा त्याच दोन चौकांत येणार असतील, तर मोजायला हवा तो वेळ कोथरूडच्या घरापासून औंधच्या कार्यालयापर्यंतचा, टेकडीवरच्या दोन किलोमीटरचा नव्हे. शिवाय रस्ता मोकळा झाला की जे बसने किंवा वेगळ्या वेळी जात होते, तेही गाडी काढतात, हा अनुभव जगभरच्या शहरांचा आहे. २०१८ मध्येच पुण्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांच्या पुढे गेली होती. नव्या रस्त्यावरची रिकामी जागा भरायला या शहरात वाहनांची वाण नाही.

वनाजची मेट्रो कोथरूडला पूर्वेकडे डेक्कन आणि जिल्हा न्यायालयाशी जोडते. हिंजवडीची मार्गिका जिल्हा न्यायालयापासून विद्यापीठाकडे जाते. लॉ कॉलेज रस्ता ज्या दोन टोकांना जोडतो त्या दोन्हींजवळ मेट्रोची सोय होत आहे, पण एका टोकाहून दुसऱ्या टोकाला थेट जायचे, तर प्रवाशाला त्रिकोणाच्या दोन बाजूंनी वळसा घालावा लागतो. १९८७ च्या आराखड्यात सार्वजनिक वाहतुकीसाठी टेकडीमार्गे जी जोडणी सुचवली होती, तिचे काम आज नळ स्टॉप ते विद्यापीठ या मार्गावर ठरावीक मिनिटांनी धावणारी आणि कोंडीत न अडकणारी बस करू शकेल का, याचा अभ्यास टेकडीला हात लावण्यापूर्वी होणे आवश्यक आहे. त्यासाठी लॉ कॉलेज रस्त्यावरचे दुतर्फा पार्किंग हटवावे लागेल, चौकांचे सिग्नल बससाठी बदलावे लागतील आणि शहराची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीला पुरेशा गाड्या द्याव्या लागतील. यांतल्या कोणत्याही कामासाठी भूसंपादन लागत नाही आणि प्रयोग फसला, तर तो मागे घेता येतो. खोदलेला उतार पुन्हा पूर्ववत करता येत नाही.