बॅरिटोनचा गळा कसा घडतो

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या प्रेक्षागृहात सुमारे ३,८०० आसने आहेत. रंगमंचापुढच्या खोलगट भागात वाद्यवृंद पूर्ण ताकदीने वाजत असतो आणि गायकापाशी मायक्रोफोन नसतो. टेनर (पुरुषांचा उंच आवाज) आणि बास (सर्वांत खालचा) यांच्या मधल्या पट्टीत गाणाऱ्या बॅरिटोनची त्यात आणखी एक अडचण असते. त्याचे बहुतेक स्वर ११० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यानचे असतात, आणि वाद्यवृंदाचा जोरही ५०० हर्ट्झच्या आसपासच सर्वाधिक असतो. अशा वेळी नुसते जोर लावून गाणाऱ्याचा घसा बसतो, पण आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही.

यावरची युक्ती स्वराच्या अंतरंगात दडलेली आहे. बॅरिटोनने ११० हर्ट्झचा खालचा स्वर लावला, तर त्यासोबत २२०, ३३०, ४४० अशा चढत्या पटींतले असंख्य उपस्वरही निर्माण होतात, आणि त्यांतला चोवीस पटीचा २,६४० हर्ट्झवर पडतो. इतक्या उंचावर वाद्यवृंदाचा जोर बराच ओसरलेला असतो. आपला कान मात्र तिथे विशेष तीक्ष्ण असतो. स्वीडिश शास्त्रज्ञ योहान सुंदबर्ग यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की, कसलेल्या ऑपेरा गायकांच्या आवाजात नेमक्या याच भागात ऊर्जेचे एक ठळक शिखर असते. त्याला ‘सिंगर्स फॉर्मंट’ म्हणतात. स्वरयंत्र खाली उतरले, त्यावरची घशाची पोकळी रुंदावली आणि स्वरतंतूंच्या लगेच वरची छोटी नळी तिच्या मानाने बरीच अरुंद, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळात सहाव्या हिश्श्याहून कमी राहिली, तर ती नळी स्वतंत्रपणे निनादू लागते. जास्तीचा श्वास न खर्चता आवाजाला धार येते ती अशी.

हे शिकवायचे कसे, हा खरा प्रश्न आहे, कारण स्वरयंत्राला थेट हुकूम देता येत नाही. म्हणून शिक्षक आडवळणाने जातात. गळ्यावरच्या उंचवट्यावर बोट ठेवून जांभईची नुसती सुरुवात केली, तर तो उंचवटा खाली सरकलेला बोटाला कळतो. ती जागा न सोडता, पण जांभईचा जडपणा येऊ न देता गाणे, हा पहिल्या काही वर्षांचा अभ्यास असतो. श्वासाचेही तसेच आहे. भरलेली फुफ्फुसे आपणहून आकसून हवा बाहेर लोटत असतात, त्यामुळे ओळीच्या आरंभी गायकाला फुंकावे लागत नाही, तर बरगड्या फुललेल्या ठेवून ती हवा रोखून धरावी लागते. इटालियन परंपरेत या आधाराला ‘अपोज्जो’ म्हणतात.

सर्वांत जास्त वर्षे जातात ती मात्र ‘पस्साज्जो’वर, म्हणजे मधल्या स्वरांतून वरच्या स्वरांत जाण्याच्या वाटेवर. बॅरिटोनच्या बाबतीत हा टप्पा साधारण २४७ ते ३३० हर्ट्झचा असतो. उघडा ‘आ’ म्हणताना तोंड-घशाच्या पोकळीचा पहिला अनुनाद, म्हणजे ती आपोआप निनादते ती पहिली उंची, सुमारे ७०० हर्ट्झवर असतो. ३३० हर्ट्झच्या स्वराचा दुपटीचा उपस्वर ६६०वर, म्हणजे त्याच्या अगदी उंबरठ्याशी येतो. त्याच्याही वर जाताना अननुभवी गायक नकळत स्वरयंत्र उचलतो, आणि गाण्याची आरोळी होते. शिकलेला गायक ‘आ’ला किंचित ‘ऑ’कडे झुकवतो, स्वरयंत्र खालीच ठेवतो आणि स्वराला तो उंबरठा ओलांडू देतो. ऐकणाऱ्याला शब्द बदलल्यासारखा वाटत नाही, हे यातले कौशल्य.

हा धीर न धरल्याचे फळ काय असते, याचे उदाहरण बॅरिटोन मानुएल गार्सिया यांचे आहे. १८२५मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, ते न्यूयॉर्कमध्ये वडिलांच्या मंडळीबरोबर रोस्सिनीच्या ऑपेरातली फिगारोची भूमिका गात होते. पुढे लवकरच आवाजाने साथ सोडली आणि ते शिक्षक झाले. १८५४मध्ये त्यांनी दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश टाकला आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. स्वरयंत्र तपासण्याच्या वैद्यकीय पद्धतीचा पाया एका बिघडलेल्या बॅरिटोनने घातला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

बॅरिटोनचा गळा उशिरा पिकतो. म्हणून कारकिर्दीची सुरुवात मोत्सार्टच्या पापागेनोसारख्या हलक्या भूमिकांनी होते, आणि व्हेर्दीच्या ऑपेरातला रिगोलेत्तो सहसा तिशी उलटेपर्यंत दूर ठेवला जातो. या भूमिकेत गायकाला वरच्या स्वरांत दीर्घकाळ, तेही दाट वाद्यवृंदावर, राहावे लागते. जर्मन नाट्यगृहे तर नेमणूक करतानाच गायकाचा प्रकार ठरवतात: हलका तो ‘लिरिक’, डौलदार तो ‘काव्हालियर’, वाग्नरच्या ऑपेरांतल्या नायकांसाठीचा भारदस्त तो ‘हेल्डन’. भाषांचा सराव अर्थात सर्वांनाच करावा लागतो; इटालियन, जर्मन, फ्रेंच तर हव्यातच. कधी एखादी स्पर्धा दार उघडते. १९८९मध्ये वेल्समधल्या कार्डिफच्या गायनस्पर्धेत मुख्य पारितोषिक द्मित्री ह्वोरोस्तोव्हस्की यांना आणि गीतगायनाचे ब्रिन टेर्फेल यांना मिळाले, आणि दोघांचीही नावे जगभर झाली.

पण आपण बॅरिटोन आहोत हेच मुळात काहींना उशिरा कळते. एत्तोरे बास्तियानिनी यांनी बास म्हणून सुरुवात केली आणि काही वर्षांनी ते बॅरिटोन झाले. कार्लो बेर्गोन्झी बॅरिटोनचे टेनर झाले. प्लासिदो दोमिंगो यांचा प्रवास दुहेरी आहे. तरुणपणी बॅरिटोन, मग अनेक दशके टेनर, आणि २००९मध्ये साठी ओलांडल्यावर व्हेर्दीच्या सिमोन बोक्कानेग्राची बॅरिटोन भूमिका. त्यातले स्वर त्यांच्या आवाक्यात होते, तरीही हा बॅरिटोन नव्हे, खाली गाणारा टेनरच आहे, असे अनेक जाणकारांचे मत पडले. ते मत निव्वळ आवडीनिवडीचे नाही. ‘सिंगर्स फॉर्मंट’चे ते ऊर्जेचे शिखर बॅरिटोनमध्ये साधारण २,६०० हर्ट्झच्या आसपास असते आणि टेनरमध्ये २,८००च्या. एकच स्वर दोघांनी लावला तरी कान हा फरक टिपतो.