समृद्धीकरण त्रिक

समृद्धीकरण त्रिक : प्रज्ञावान मुलांना वेगळ्या शाळेत न घालता, आहे त्याच शाळेत प्रत्यक्ष कामातून पुढे नेण्याची अध्यापनपद्धती. अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाचे शिक्षणमानसशास्त्रज्ञ जोसेफ रेंझुली यांनी ती १९७७ मध्ये मांडली. पुढे सहकारी सॅली रीस यांच्यासह त्यांनी तिला संपूर्ण शाळेला लागू पडेल असे रूप दिले.

त्याआधी अमेरिकेत बुद्ध्यांक हीच प्रज्ञेची मुख्य मोजपट्टी होती. मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या, उच्च बुद्ध्यांकाच्या मुलांच्या पाहणीच्या चाळणीतून गळलेल्या मुलांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. रेंझुलींनी १९७८ मध्ये प्रज्ञेची तीन वर्तुळे सांगितली : सरासरीहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि हातातले काम तडीस नेण्याची चिकाटी. ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे प्रज्ञा प्रकटते. यातली शेवटची दोन लेखी परीक्षेत फारशी दिसत नाहीत. मूल कामाला भिडले की दिसतात. म्हणूनच या पद्धतीत पहिल्या दोन-चार नंबरांवर न थांबता शाळेतील १५ ते २० टक्के मुले विचारात घेतात.

कामाचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरचे विषय, माणसे, जागा दाखवतात. दुसऱ्यात निरीक्षण, मोजमाप, नोंदी, मांडणी अशी कौशल्ये शिकवतात. हे दोन्ही सगळ्या वर्गासाठी. तिसरा प्रकार मोजक्यांचा : मुलाने स्वतः निवडलेल्या खऱ्या प्रश्नाचा, एकट्याने किंवा लहान गटात घेतलेला शोध.

उदाहरणार्थ, पावसाची माहिती ऐकून चौथीतल्या दोघी-तिघींना गावचा पाऊस मोजावासा वाटला, तर प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो नरसाळ्यासारखा उलटा बसवता येतो. पण बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून आधी थोडे पाणी ओतून तिथे शून्याची खूण करावी लागते. ही अडचण मुलींना स्वतःच सापडू द्यावी. शिक्षकाने आधीच सांगितली की अर्धी मजा आणि बरेचसे शिक्षणही गेले. रोज सकाळी साडेआठला मिलिमीटरमध्ये नोंद, मग जवळच्या सरकारी केंद्राच्या आकड्यांशी ताडणी, आणि फरक का पडला याचा शोध. हा अहवाल बाईंच्या कपाटात न जाता ग्रामपंचायतीपुढे किंवा गावातल्या शेतकऱ्यांपुढे वाचला जावा, कारण कामाला खरा श्रोता हवा यावर रेंझुलींचा विशेष भर आहे.

एवढा वेळ आणायचा कुठून? मुलाला जे आधीच येते ते चाचणीने पडताळून अभ्यासक्रमातून वगळतात. १९९३ मध्ये रीस आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात निवडक मुलांसाठी अभ्यासक्रमाचा साधारण ४० ते ५० टक्के भाग वगळूनही त्यांची संपादणूक घसरली नाही. उलट, लवकर गणिते सोडवणाऱ्याला तशीच आणखी वीस देणे हा सर्वत्र आढळणारा उपाय समृद्धीकरणात मोडत नाही. ती हुशारीची शिक्षाच.

महाराष्ट्रात प्रज्ञावंतांसाठी वेगळी वाट आधीच चोखाळली गेली होती. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्थापली आणि १९६९ मध्ये तिची प्रशाला सुरू झाली. पाचवीत चाचण्यांनी निवड होत असल्याने ही रचना रेंझुलींच्या सर्वांसाठी खुल्या शाळेहून भिन्न आहे. प्रकल्पांना मात्र तिथेही मोठे स्थान आहे. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी मुंबईत सुरू झालेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही लेखी व प्रात्यक्षिक परीक्षांनंतर कृतिसंशोधन प्रकल्प असतो. मात्र तिथे प्रकल्पापर्यंत पोहोचण्यासाठी आधीच्या परीक्षा ओलांडाव्या लागतात, म्हणजे रेंझुलींचा क्रम उलटतो. शिवाय स्पर्धेच्या वातावरणात पालकांचा हात प्रकल्पात किती शिरला, हे तपासणे परीक्षकांनाही सोपे नसते.