अग्रेत्ती: मीठ साठवणारी भाजी

खाऱ्या जमिनीत काही पिकत नाही, असा सरसकट समज आहे. इटलीत वसंतात विकायला येणारी अग्रेत्ती (सालसोला सोडा) तो खोटा ठरवते. पालक, चाकवत, राजगिऱ्याच्या कुळातली ही भाजी. आपल्या खाजणातली मोरसही त्याच कुळातली.

माती खारी असली की परासरणामुळे (पाणी कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे झिरपतं, म्हणून) मुळांना पाणी ओढणं जड जातं. अग्रेत्ती सोडियम आत घेते, पण पेशीद्रवात फार राहू देत नाही. तिथे ते विकरांचं (एन्झाइमांचं) काम बिघडवतं. ते रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडलं जातं. रिक्तिकेच्या पटलावरचे पंप ऊर्जा खर्चून प्रोटॉन आत भरतात. ते प्रोटॉन बाहेर पडताना एक वाहक प्रथिन त्यांच्या बदल्यात सोडियम आत घेतं. मग पेशीद्रवातलं पाणी रिक्तिकेत ओढलं जाऊ नये म्हणून पेशीद्रवात ग्लायसिन बीटेन हे विकरांना न बिघडवणारं सेंद्रिय द्रव्य साठतं. अशी अख्खी पेशीच मातीपेक्षा 'दाट' झाली की पाणी आत येतं आणि पानं रसाळ, कुरकुरीत होतात.

सोडियमचा धन प्रभार क्लोराइडबरोबरच ऑक्झलेटसारखी सेंद्रिय आम्लंही तोलतात. झाड जाळलं की या सेंद्रिय क्षारांचा सोडियम कार्बोनेट, म्हणजे काचेला लागणारा सोडा, होतो. भूमध्य सागराकाठचे काचकारागीर अशीच राख वापरत; १७९१ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ लेब्लाँने मिठापासून सोडा करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पुढे राखेचा धंदा बसला.

लागवडीत घात होतो तो बियाण्यात. काही महिन्यांतच त्याची उगवण झपाट्याने घसरते, म्हणून त्याच हंगामाचं ताजं बी घ्यावं आणि दाट पेरावं. हिवाळ्याच्या अखेरीस, १ सेंमी खोल, दोन ओळींत ३० सेंमी अंतर. ऊन तापलं की देठ लाकडासारखे होतात. खारं पाणी घालायची गरज नाही, साध्या मातीतही ती वाढते. फक्त खारटपणा कमी येतो. १५-२० सेंमी झाली की बुडाशी ५ सेंमी ठेवून कापावी, पुन्हा फुटते.

गुलाबी, जाड बुडखे काढून टाकावेत. तीन-चार पाण्यांत धुवावी, रेती अडकलेली असते. उकळत्या पाण्यात ४ मिनिटं, जास्त नाही, नाहीतर लगदा होतो. पाणी फेकावं, त्यात विद्राव्य ऑक्झलेट उतरतं. मग ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण परतून त्यात घोळवावी, वरून लिंबू. मीठ मात्र चव पाहूनच. 'नैसर्गिक मीठ, रक्तदाबाला चालतं' ही जाहिरातबाजी झाली. पानातलं सोडियम आणि डब्यातलं सोडियम शरीराला सारखंच.