नागपुरात ४५ अंश, म्हणून जंगलातही ४५?

‘पारा ४५ वर, म्हणजे शहराजवळच्या गोरेवाडा जंगलातले प्राणीही ४५ अंशांत’ हे गणित दर मे महिन्यात फिरतं. ते चूक आहे. वेधशाळेचा आकडा हवेचा असतो: जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत मोजलेला. सरड्याच्या पोटाखालचा उघडा मुरूम त्याच दुपारी साठीपार जाऊ शकतो. अर्धा मीटर खोल बिळात मात्र दिवस-रात्रीचा फरक जवळपास पोचतच नाही.

‘झाडाखाली गार’ हेही अर्धवट. मे महिन्यात साग निष्पर्ण, सावली नावापुरती. नाल्याकाठचे जांभूळ-अर्जुन हिरवे असतात, म्हणून दुपारी वाघ तिथल्या डोहात बसतो. हिवाळ्यात उलटं: थंड हवा जड, ती रात्री उतारावरून घरंगळून नाल्यातच साचते.

‘टेकडीचा उत्तरेचा उतार गार’ हा पुस्तकी नियम इथे हिवाळ्यापुरताच, सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो तेव्हा. मेअखेर भरदुपारी सूर्य नागपूरच्या थेट माथ्यावर असतो, मग उत्तर-दक्षिण फरक उरतोच किती?

मोजायचं असेल तर तापमापक उन्हात उघडा टांगू नका. तो स्वतःच तापतो आणि तेच सांगतो. हवा खेळेल असं पांढरं आच्छादन लावा. एक नाल्यात, एक माळावर, दोन्ही सारख्याच उंचीवर.