दोन टक्क्यांनी आक्रसलेले राजे

धातूच्या वस्तूवर हिरवट थर दिसला की ती शेकडो वर्षांपूर्वीची असणारच, हा समज जुन्या बाजारातील विक्रेत्यांच्या सोयीचा असला तरी निराधार आहे, कारण तांब्याच्या मिश्रधातूवर असा थर रसायनांनी काही दिवसांत आणता येतो. सोळाव्या शतकातील जर्मन राजेरजवाड्यांची मुखचित्रे असलेली पदके पारखताना रंगापेक्षा मापावर अधिक विसंबता येते.

ही पदके बहुतांशी नाण्यांसारखी ठशाने पाडलेली नसून ओतीव आहेत. १५१८ साली ऑग्सबुर्ग येथे पवित्र रोमन साम्राज्याची सभा भरली, तेव्हा पदके घडविणारा शिल्पकार हान्स श्वार्त्स याने तेथे जमलेल्या मान्यवरांची कोळशाने चित्रे काढली. अशा चित्रांवरून तो लाकडात नमुने कोरीत असे. इटलीतील कलावंत मेणात नमुना घडवीत. जर्मन कारागिरांनी मात्र घट्ट लाकूड किंवा, न्यूरेंबर्गच्या माथेस गेबेलप्रमाणे, अतिशय बारीक कणांचा चुनखडक पसंत केला. (असाच चुनखडक बव्हेरियातील झोल्नहोफेन परिसरात मिळतो. आर्किओप्टेरिक्स या आदिम पक्ष्याचे जीवाश्म त्यातच सापडले आणि शिळाप्रेसचे दगडही तेथूनच येत.) नमुना बारीक वाळूत दाबून साचा घेत, त्यात चांदी, कांसे किंवा शिसे ओतीत आणि त्या प्रती राजे एकमेकांना भेट देत.

खरी गंमत ओतल्यानंतर सुरू होते. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला गोठते आणि तेथून खोलीच्या तापमानापर्यंत सुमारे ९४० अंश थंड होते. दर अंशाला तिची लांबी साधारण २० दशलक्षांशाने घटते, म्हणजे एकूण आकुंचन सुमारे २ टक्के होते. नमुना ६० मिलिमीटरचा असेल, तर पदक ५८.८ मिलिमीटरचे निघते. पुढे एखाद्याने नमुन्याऐवजी त्या पदकावरूनच साचा घेतला, तर नवी प्रत ५७.६ मिलिमीटर भरते. चेहरा तोच, दाढी तीच, पण राजा पिढीगणिक लहान होत जातो.

मात्र ‘लहान पदक म्हणजे नंतरची प्रत’ हा नियम आंधळेपणाने लावता येत नाही. शिसे ३२७ अंशांनाच गोठत असल्यामुळे त्याचे आकुंचन एका टक्क्याहूनही कमी असते. त्याच नमुन्यावरून ओतलेले शिशाचे पदक ५९.५ मिलिमीटरचे होते आणि त्या शिशाच्या पदकावरून पुन्हा शिशातच काढलेली प्रत ५९ मिलिमीटरची, म्हणजे अस्सल चांदीच्या पदकापेक्षाही मोठी! म्हणून तुलना धातूशी धातूची करावी लागते; मूळ लाकडी किंवा दगडी नमुना संग्रहालयात टिकून असेल, तर फारच उत्तम. मेणाचे नमुने सहसा टिकले नाहीत, त्यामुळे इटालियन पदकांच्या बाबतीत ही सोय क्वचितच मिळते. शिवाय ओतल्यावर कडा कानशीने घासलेली असू शकते. तेव्हा केवळ बाहेरचा व्यास न घेता कडेलगतच्या लेखातील एका अक्षरापासून समोरच्या अक्षरापर्यंतचे अंतर मोजणे अधिक भरवशाचे ठरते.